एम्पॅनल्ड आहे, पण काय? सरकारी कामासाठी क्लाउड निवडताना

नगरपरिषदेच्या पाणीपट्टी वसुलीचं सॉफ्टवेअर करून द्यायचं टेंडर निघतं. नाशिकची दहा-बारा माणसांची एखादी कंपनी ते भरायला बसते. अनुभवाचे दाखले आहेत, उलाढालीचं सीएचं प्रमाणपत्र आहे, ईएमडीची, म्हणजे टेंडरसोबत भरायच्या अनामत रकमेची, सोय झालेली आहे. मग कुठेतरी साठाव्या पानावर एक ओळ सापडते: प्रणाली मेइटी-एम्पॅनल्ड (केंद्राच्या आयटी मंत्रालयाच्या मान्यताप्राप्त यादीतल्या) क्लाउडवरच होस्ट करावी, डेटा भारताबाहेर जाऊ नये, डीआर (आपत्तीत कामी येणारी पर्यायी व्यवस्था) वेगळ्या भूकंपक्षेत्रात असावा. मालक तीन क्लाउडवाल्यांना, म्हणजे आपल्या डेटा सेंटरमधली यंत्रं इंटरनेटवरून भाड्याने देणाऱ्यांना, फोन लावतो. तिघंही म्हणतात, "सर, आम्ही एम्पॅनल्ड आहोत, निर्धास्त राहा." मग उरतो फक्त दराचा प्रश्न. सगळ्यात स्वस्त कोण ते बघायचं आणि अर्ज अपलोड करायचा.

तिघंही खोटं बोलत नसतात. घोळ त्या शब्दातच आहे. एम्पॅनलमेंट ही कंपनीच्या नावापुढे कायमची लागलेली पदवी नव्हे. अमुक ठिकाणच्या डेटा सेंटरमधून, अमुक प्रकारच्या सेवा, अमुक तारखेपर्यंत सरकारी कामाला द्यायला हरकत नाही, एवढंच ती सांगते. जमीन घेताना 'पाटलांची आहे' एवढ्यावर कुणी बयाणा देत नाही. सातबारा काढतात, गट नंबर जुळवतात, इतर हक्कांत कुठला बोजा चढलाय का ते पाहतात. क्लाउडचंही तसंच वाचावं लागतं, आणि नेमकं तेच वाचलं जात नाही.

यादी कुठून आली आणि ती कशी वाचायची

केंद्र सरकारने २०१३-१४ च्या सुमारास 'मेघराज' नावाने सरकारी क्लाउडचं धोरण आणलं. प्रत्येक खात्याने आपापल्या कार्यालयाच्या कोपऱ्यात एसी लावून सर्व्हर ठेवायचे, ते वर्षभर दहा-वीस टक्के वापरायचे आणि निकालाच्या दिवशी ते बसायचे, हा प्रकार थांबवायचा होता. सुरुवातीला एनआयसीने, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, स्वतःचा राष्ट्रीय क्लाउड उभा केला. एनआयसीची मोठी डेटा सेंटर दिल्ली, पुणे, हैदराबाद आणि भुवनेश्वरला आहेत. पण सगळ्या खात्यांची भूक त्यावर भागणं शक्य नव्हतं, म्हणून खासगी पुरवठादारांनाही दार उघडलं. इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालय, म्हणजे सगळे ज्याला मेइटी म्हणतात ते, अर्ज मागवतं. मंत्रालयाचंच एसटीक्यूसी हे तपासणी संचालनालय ऑडिट करतं. मग यादीत नाव येतं. महाराष्ट्राने जानेवारी २०१८ मध्ये स्वतःचं पब्लिक क्लाउड धोरण जाहीर केलं आणि राज्यातल्या खात्यांचा ओढाही तिकडे वळला.

यादीत पुरवठादाराच्या नावाएवढंच महत्त्व त्याच्या शेजारच्या रकान्यांना आहे. पहिला रकाना कुठल्या पद्धतीचा क्लाउड मान्य झाला त्याचा. पब्लिक क्लाउड म्हणजे मोठ्या सोसायटीतला फ्लॅट: भिंती तुमच्या, पण जिना, लिफ्ट, पाण्याची टाकी सगळ्यांची. व्हर्च्युअल प्रायव्हेट क्लाउडमध्ये त्याच सोसायटीत तुमच्या विंगला वेगळं दार आणि वेगळा वॉचमन असतो. ही वेगळेपणाची आखणी सॉफ्टवेअरने केलेली असते. गव्हर्न्मेंट कम्युनिटी क्लाउड म्हणजे पोलीस लाइन. तिथे सरकारी खात्यांखेरीज कुणी राहत नाही आणि यंत्रंसुद्धा बाकीच्यांपासून प्रत्यक्ष वेगळी ठेवलेली असतात. टेंडरने कम्युनिटी क्लाउड मागितला असेल आणि पुरवठादाराची मान्यता पब्लिकपुरतीच असेल, तर 'आम्ही एम्पॅनल्ड आहोत' हे वाक्य शंभर टक्के खरं आणि तुमच्या दृष्टीने शून्य कामाचं.

दुसरा रकाना जागेचा. एकाच कंपनीची पाच शहरांत डेटा सेंटर असतात, पण मान्यता मिळालेली कदाचित दोनच. तिसरी गोष्ट तारीख. टेंडर पाच वर्षांचं आणि मान्यता सात महिन्यांत संपणारी, अशी जोडी अगदी नेहमी दिसते. संपली म्हणजे लगेच काही आभाळ कोसळत नाही, मुदतवाढ बहुतेक मिळते. पण मिळाली नाही तर स्थलांतराचा खर्च कुणी करायचा, हे आधीच लिहून घेतलेलं बरं.

आणखी एक बारीक खाच आहे, आणि अनुभवी लोकही तिथे फसतात. ऑडिट होतं ते ठरावीक सेवांचं. सर्व्हर, स्टोरेज, डेटाबेस, बॅकअप वगैरे. मोठ्या पुरवठादारांच्या कॅटलॉगमध्ये शेकड्यांनी सेवा असतात आणि त्यांत दर महिन्याला भर पडते. तुमच्या उत्साही डेव्हलपरने परवाच आलेली एखादी एआयची सेवा जोडून टाकली, तर ती ऑडिटच्या कक्षेत आहे का? भारतातल्या डेटा सेंटरमधून तरी चालते का? पुरवठादाराकडे 'ऑडिट झालेल्या सेवांची यादी' मागा. ज्याच्याकडे ती तयार असते तो पाच मिनिटांत पाठवतो.

मग येतात मधले लोक. तुम्हाला फोनवर भेटणारा बहुधा मूळ पुरवठादार नसतो, त्याचा पार्टनर किंवा रीसेलर असतो. त्यात गैर काहीच नाही. लहान कंपनीला खरी मदत तेच करतात, आणि रुपयांत जीएसटीसह बिल देतात. पण एम्पॅनलमेंटचं पत्र मूळ कंपनीचं आहे, त्याचं नाही. या विशिष्ट टेंडरच्या क्रमांकानिशी मूळ कंपनीचं अधिकारपत्र, ज्याला टेंडरच्या दुनियेत एमएएफ म्हणतात, ते घ्यायलाच हवं. जुन्या टेंडरचं एमएएफ तारीख बदलून चिकटवण्याचे प्रकार होतात. तांत्रिक छाननीत ते उघडं पडलं की अपात्र तुम्ही ठरता. रीसेलर पुढच्या गिऱ्हाइकाकडे जातो.

दोन वेगवेगळ्या 'एम्पॅनल्ड'

हा गोंधळ मी इतक्या वेळा पाहिला आहे की त्याला वेगळा परिच्छेद द्यायलाच हवा. मेइटीची यादी आहे क्लाउड पुरवठादारांची. सर्ट-इनची, म्हणजे केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेची, यादी आहे ऑडिटरांची. तुमचं सॉफ्टवेअर लाइव्ह जाण्याआधी सर्ट-इनच्या यादीतल्या ऑडिटरकडून तपासून घेऊन 'सेफ टू होस्ट' प्रमाणपत्र आणावं लागतं. क्लाउड कितीही मान्यताप्राप्त असला तरी तो तुमच्या लॉगिन पानातली चूक झाकत नाही. "क्लाउड एम्पॅनल्ड घेतलाय, मग परत ऑडिट कशाला?" असं विचारणारा मालक प्रकल्पाच्या वेळापत्रकात ऑडिटचे आठवडे धरायलाच विसरलेला असतो. आणि ऑडिट एका फेरीत संपत नाही. त्रुटी निघतात, त्या दुरुस्त करायच्या, परत तपासणी. उशीर झाला की पेनल्टी.

क्लाउडवाले ज्याला 'शेअर्ड रिस्पॉन्सिबिलिटी' म्हणतात ते हेच. इमारत, वीज, यंत्रं, त्यांच्यावरचा मूळ थर पुरवठादाराचा. त्यावर तुम्ही काय ठेवलं, कुणाला किल्ली दिली, कुठली खिडकी उघडी टाकली, ते तुमचं. २०१९ मध्ये अमेरिकेच्या कॅपिटल वन बँकेच्या अंदाजे १० कोटी अमेरिकी आणि ६० लाख कॅनेडियन ग्राहक व अर्जदारांची माहिती चोरीला गेली. डेटा ॲमेझॉनच्या क्लाउडवर होता. क्लाउड फुटला नव्हता; बँकेने स्वतःच्या फायरवॉलची मांडणी चुकवली होती. पुढच्या वर्षी नियामकाने ८ कोटी डॉलरचा दंड केला तो बँकेला.

यावरून 'त्यापेक्षा सर्व्हर आपल्या ऑफिसात बरा' असं कुणाला वाटत असेल, तर नोव्हेंबर २०२२ मधलं दिल्लीचं एम्स आठवा. रॅन्समवेअरचा, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरचा, हल्ला झाला, पाच सर्व्हर बाधित झाले, आणि देशातल्या अग्रगण्य सरकारी रुग्णालयात जवळपास दोन आठवडे केसपेपर हाताने लिहावे लागले. ते सर्व्हर संस्थेच्या स्वतःच्याच आवारातले होते.

डेटा भारतात, म्हणजे कुठला कुठला डेटा

मुख्य डेटाबेस मुंबईत आहे, हे सगळेच सांगतात. त्याचा बॅकअप? लॉग, म्हणजे कुणी कधी काय केलं याच्या नोंदी? चाचणीसाठी घेतलेली नक्कल? एसएमएस आणि ईमेल पाठवणारी सेवा? मध्यरात्री तक्रारीचं तिकीट टाकल्यावर दुसऱ्या देशातला सपोर्ट इंजिनिअर तुमच्या स्क्रीनवर काय बघू शकतो? भारताबाहेर डेटा जाण्याचे प्रकार बहुतेक अशा मागच्या दाराने होतात. त्यात कुणाचा हेतू वाईट नसतो. एखाद्या सेवेची डीफॉल्ट जागा सिंगापूर असते आणि ती बदलायचं कुणाच्या लक्षात येत नाही, एवढंच.

लॉगचं विशेष सांगायला हवं. सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ ला निर्देश काढले. त्यांनुसार आपल्या सगळ्या प्रणालींचे लॉग १८० दिवस जपून ठेवायचे, प्रणालींची घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायची, आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची. हे सरकारी खात्यांना, डेटा सेंटरांना लागू आहे, तसंच तुमच्या दहा माणसांच्या खासगी कंपनीलाही. बऱ्याच क्लाउड सेवांमध्ये लॉग आपोआप तीस किंवा नव्वद दिवसांनी पुसले जातात. मुदत वाढवायची तर स्टोरेजचे पैसे पडतात. दरपत्रकात हे पैसे धरलेले आहेत का बघा. बहुतेकदा नसतात.

सहा तास म्हणजे किती कमी, हे शनिवारच्या रात्री कळतं. पुरवठादाराच्या बाजूने काही घडलं तर तो तुम्हाला किती वेळात कळवणार? त्याच्या मूळ करारात 'शक्य तितक्या लवकर' असं मोघम लिहिलेलं असतं. तिथे तासांचा आकडा मागा. आणि सपोर्टचा कुठला प्लॅन घेतलाय ते तपासा, कारण स्वस्त प्लॅनमध्ये रात्री दोन वाजता फक्त एक फॉर्म भरता येतो.

शिवाय डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याने लागू होतील. सुरक्षेची पुरेशी काळजी न घेतल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. कायद्याच्या नजरेत पाणीपट्टीदारांच्या डेटाची जबाबदारी नगरपरिषदेची, तुम्ही तिच्या वतीने तो हाताळणारे. पण खातं करारातल्या नुकसानभरपाईच्या कलमातून तो भार तुमच्याकडे सरकवणार, यात शंका बाळगू नका. ते कलम क्लाउडवाल्याच्या करारातल्या कलमाशेजारी ठेवून वाचा. एकीकडे अमर्याद जबाबदारी आणि दुसरीकडे 'गेल्या बारा महिन्यांच्या बिलाएवढीच भरपाई' असं असेल, तर मधला सगळा खड्डा तुमचा.

आग, पूर आणि डीआर

आपल्याकडे डेटा सेंटरांची मोठी गर्दी ऐरोली, महापे, रबाळे, चांदिवली या पट्ट्यात आहे. समुद्राखालच्या केबल मुंबईला येतात आणि वीज बरी मिळते, म्हणून. पण २६ जुलै २००५ ला याच महानगरात सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये ग्रिड कोसळून मुंबई कित्येक तास अंधारात होती. चांगली डेटा सेंटर जनरेटरवर निभावून नेतात. तरीही मूळ सर्व्हर ऐरोलीत आणि डीआर महापेत, ही रचना कागदावर दोन ठिकाणं दाखवते, एवढंच. म्हणून टेंडर वेगळं भूकंपक्षेत्र मागतं, आणि मुंबईसोबत हैदराबाद किंवा दिल्लीसारखी जोडी दिसते.

१० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला ओव्हीएच या कंपनीचं एक डेटा सेंटर जळून खाक झालं. ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता, त्यांचा तोही गेला. याहून जवळचं उदाहरण दक्षिण कोरियाचं आहे, कारण ते सरकारी आहे. २६ सप्टेंबर २०२५ ला दैजॉनच्या राष्ट्रीय डेटा सेंटरमध्ये लिथियम बॅटऱ्या हलवताना आग लागली आणि सरकारच्या सातशेच्या आसपास प्रणाली बंद पडल्या. सरकारी कर्मचाऱ्यांनी कामाच्या फायली ज्या जी-ड्राइव्हवर ठेवल्या होत्या, तो ८५८ टेराबाइटचा साठा जळाला. त्याची दुसरीकडे प्रत नव्हती. आकार फार मोठा म्हणून बाहेर बॅकअप घेतला नव्हता, असं कारण पुढे आलं. इतक्या पुढारलेल्या देशात.

इथे दोन आद्याक्षरं येतात, आरपीओ आणि आरटीओ. दुसऱ्याचा लायसन्सवाल्या आरटीओशी संबंध नाही. आरपीओ म्हणजे अपघात झाला तर मागचं किती काम गमावलेलं चालेल: पंधरा मिनिटांचं, की कालपासूनचं. आरटीओ म्हणजे खिडकी किती वेळ बंद ठेवता येईल. पाणीपट्टीच्या काउंटरवर मार्च महिन्यात रांग लागलेली असते. तिथे चार तास बंद म्हणजे नगरसेवकाचा फोन येणारच. पण आरपीओ पंधरा मिनिटांवर आणायचा तर डीआरमध्ये सतत नक्कल चालू ठेवावी लागते, आणि खर्च पुष्कळ वाढतो. टेंडर काढणारे बरेचदा दुसऱ्या कुठल्यातरी बँकेच्या टेंडरमधून आकडे उचलतात आणि लहानशा प्रणालीला बँकेचा डीआर मागून ठेवतात. टेंडर भरण्याआधीच्या प्री-बिड बैठकीत विचारा. शुद्धिपत्रक निघू शकतं. आणि पुरवठादाराला मागच्या डीआर ड्रिलचा अहवाल मागा. ड्रिलमध्ये काहीतरी अडलं, मग दुरुस्त केलं, असं लिहिलेला अहवाल मला सगळं हिरवं दाखवणाऱ्या अहवालापेक्षा जास्त विश्वासाचा वाटतो.

किल्ली कुणाकडे

डेटा भारतात आहे, पण कंपनी परदेशी आहे. फरक पडतो का? अमेरिकेच्या २०१८ च्या क्लाउड ॲक्टनुसार तिथल्या कंपनीला, डेटा कुठल्याही देशात ठेवलेला असला तरी, कायदेशीर आदेशाने तो द्यायला सांगता येतं. आणि जुलै २०२५ मध्ये एक प्रकार घडला तो आपल्याच देशात. युरोपीय संघाने गुजरातमधल्या वाडीनारचा रिफायनरी प्रकल्प चालवणाऱ्या नायरा एनर्जीवर निर्बंध लावले. मायक्रोसॉफ्टने कंपनीच्या ईमेलसारख्या सेवा थांबवल्या. नायरा दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. नगरपरिषदेवर ब्रसेल्सचे निर्बंध येतील असं कुणी म्हणत नाही, पण खातं संवेदनशील असेल तर हा प्रश्न मीटिंगमध्ये येणार.

माझं मत विचाराल तर भारतीय की परदेशी, यावर आधी भांडू नये. परदेशी पुरवठादारांची साधनं अनेकदा पुढे असतात. भारतीयांकडे कम्युनिटी क्लाउड आणि फोन उचलणारा माणूस मिळण्याची शक्यता जास्त. आधी एन्क्रिप्शनच्या किल्लीचं बघा. डेटा कुलूपबंद आहे, असं सगळेच म्हणतात. किल्ली पुरवठादाराच्या खिशात असेल तर तो ती कुणाला देऊही शकतो. ती खात्याच्या ताब्यातल्या, वेगळ्या हार्डवेअरमध्ये ठेवता येते का? येत असेल तर आधीची निम्मी चिंता कमी होते. मात्र किल्ली हरवली तर डेटा तुम्हालाही मिळत नाही, म्हणजे तिची दुसरी प्रत कुठे आणि कुणाकडे, हे ठरवायचं काम तुमच्या अंगावर येतं.

पुण्या-मुंबईतले बरेच इंजिनिअर अमेरिकी गिऱ्हाइकांची कामं करतात, त्यामुळे फेडरॅम्प, सीएमएमसी हे शब्द इथेही कानावर येतात. फेडरॅम्प २०११ पासूनची अमेरिकी केंद्र सरकारची क्लाउड मान्यता आहे, तीन पातळ्यांची. सीएमएमसी तिथल्या संरक्षण कंत्राटदारांसाठी. तिथे संरक्षण खात्याला घटना कळवायला ७२ तास मिळतात, आपल्याकडे सहा. कुणी सादरीकरणात फेडरॅम्पचा शिक्का दाखवला तर कौतुक करा आणि एसटीक्यूसीचं पत्र मागा. तिकडचा शिक्का इथल्या छाननीत चालत नाही, आणि तो बहुतेकदा तिकडच्याच डेटा सेंटरांचा असतो.

पैसे आणि निरोप

क्लाउडचं बिल दर महिन्याला येतं. सरकारी बिल कधी पास होतं, हे या धंद्यातल्या कुणाला सांगायला नको. मार्चअखेर निधी संपला, लेखा विभागाने आक्षेप काढला, मुख्याधिकाऱ्यांची बदली झाली, तरी तुमच्या कार्डावरून पैसे कापले जात राहतात. हप्ता चुकला तर पुरवठादार किती दिवसांनी सेवा थांबवतो आणि त्यानंतर किती दिवसांनी डेटा पुसतो, हे दोन आकडे लेखी घ्या. दुसरा आकडा फार महत्त्वाचा आहे. शिवाय रोजच्या वापरात डेटा आत टाकायला सहसा पैसे पडत नाहीत, बाहेर काढायला पडतात. सर्व्हर बंद करून ठेवला तरी डिस्कचं भाडं चालूच राहतं. एल-वन, म्हणजे सर्वांत कमी दराचा, होण्यासाठी दर खाली आणताना हेच तपशील गळतात.

आणि पाच वर्षांनी टेंडर दुसऱ्याला गेलं, तर? खातं म्हणणार, नव्या कंत्राटदाराला सगळं सोपवा. क्लाउडचं खातं तुमच्या कंपनीच्या ईमेलवर उघडलेलं असेल, त्यात तुमची आणखी तीन गिऱ्हाइकं असतील, तर ते नगरपरिषदेच्या नावावर करून देणं हा महिनोन्‌महिने चालणारा तमाशा होतो. मी अशा एका हस्तांतरणाच्या बैठकांना बसलो आहे. जुना कंत्राटदार पासवर्ड देत नव्हता, कारण त्याचं शेवटचं बिल अडलेलं होतं, आणि सरकारी खातं बिल देत नव्हतं, कारण पासवर्ड मिळत नव्हता. दोघांच्या मध्ये क्लाउडवाला हात जोडून बसला होता: त्याच्या कागदांवर खातेदार फक्त जुना कंत्राटदार. शेवटी बॅकअप हार्ड डिस्कवर आणून नवीन खात्यात चढवला आणि लॉग मागेच राहिले. वर्क ऑर्डर हातात आली की पहिल्याच आठवड्यात क्लाउडचं खातं नगरपरिषदेच्या अधिकृत ईमेलवर, स्वतंत्र उघडून घ्या, आणि तुमच्या माणसांना त्यात फक्त कामापुरता प्रवेश ठेवा.